दिल्लीची दप्तरे आणि बुटीबोरी

नागपुराहून वर्धा मार्गाने दक्षिणेस निघाले म्हणजे तासाभराच्या आत बुटीबोरी लागते. दोन हजार हेक्टरांहून अधिक जमिनीवर पसरलेली ही औद्योगिक वसाहत उभी राहू लागली, तेव्हा ती आशियातील सर्वांत मोठी ठरणार असे मोठ्या अभिमानाने सांगितले जात असे. दारातून राष्ट्रीय महामार्ग जातो, शेजारून लोहमार्ग जातो, कोळशाच्या खाणी दूर नाहीत. अशा या गावाचा आणि दिल्लीतील सनदी सेवेच्या सुधारणेचा संबंध काय, असे कोणी विचारील. सनदी सेवेची सुधारणा हा विषय आपल्याकडे बहुधा आयोगांच्या अहवालांत आणि निवृत्त सचिवांच्या व्याख्यानांत वावरतो. त्याची खरी परीक्षा मात्र दिल्लीपासून हजार किलोमीटरांवरच्या एखाद्या गावात होते. ती परीक्षा कशी होते हे पाहावयाचे, तर बुटीबोरीइतके सोयीचे ठिकाण आम्हांस दुसरे दिसत नाही.

प्रथम मेट्रोची गोष्ट घेऊ. नागपूर मेट्रोचा दुसरा टप्पा, ज्यातील एक फाटा मिहानपासून बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत यावयाचा आहे, त्यास महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०१९ च्या जानेवारीत संमती दिली. केंद्रीय मंत्रिमंडळाची संमती २०२२ च्या डिसेंबरात आली आणि त्याच महिन्यात पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणीही झाली. मधली जवळजवळ चार वर्षे कागद फिरत होता. या काळात महाराष्ट्राने तीन मुख्यमंत्री पाहिले आणि करोनाची साथही पाहिली, हे खरे. दिल्लीने केलेली छाननी अगदीच निरर्थक होती असेही आम्ही म्हणणार नाही, कारण अकरा हजार कोटींच्या वर सांगितला गेलेला खर्च शेवटी ६,७०८ कोटींवर आला. करदात्याच्या पैशाची चिकित्सा व्हावयासच हवी. परंतु चिकित्सेस किती दिवस लागावेत, आणि ते उलटले तर जाब कोणास विचारावा, याचे उत्तर त्या कागदावर कोठेच लिहिलेले नसते. बुटीबोरीच्या कारखान्यांत पाळीला जाणारा कामगार ती चार वर्षे बसच्या पायरीवर उभा राहून गेला. त्याच्या हिशेबात ही रक्कम कोणी धरलेली नाही.

दुसरी गोष्ट उड्डाणपुलाची. बुटीबोरीच्या चौकातील कोंडी फोडण्यासाठी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने बांधलेला पूल २०२१ साली वाहतुकीस खुला झाला आणि २०२४ च्या डिसेंबरात त्यास तडा जाऊन तो बंद करावा लागला. पूल पिढ्यान्‌पिढ्या टिकावा अशी अपेक्षा असते. येथे साडेतीन वर्षे पुरी होतात न होतात तोच त्याची दुखणी सुरू झाली. असे काही घडले, की ठेकेदारावर बोट दाखविले जाते, आणि ते रास्तही असते. पण ठेकेदाराने केलेले काम तपासून, मोजून आणि ‘योग्य’ म्हणून त्यावर सही करणारी एक साखळी सरकारातही असते. सही करणारा अधिकारी एव्हाना दुसऱ्या राज्यात बदलून गेलेला असतो, त्याच्या वरचा तिसऱ्या खात्यात गेलेला असतो, आणि चौकशी होते ती त्या जागेवर आज बसलेल्या, ज्याने तो पूल बांधताना पाहिलाही नाही, अशा माणसाची.

याच प्राधिकरणाबद्दल नागपूरचेच खासदार आणि केंद्रीय मंत्री श्री. नितीन गडकरी यांनी २०२० च्या ऑक्टोबरात जे सांगितले ते पुष्कळांच्या स्मरणात असेल. दिल्लीत द्वारका येथे प्राधिकरणाच्या स्वतःच्याच इमारतीचे उद्घाटन होते. इमारत बांधण्याचे २००८ साली ठरले, निविदा २०११ साली निघाली, आणि ती पुरी होईपर्यंत दोन सरकारे आणि आठ अध्यक्ष होऊन गेले. ज्यांच्या कारकीर्दीत हा विलंब झाला त्यांची छायाचित्रे इमारतीत लावावीत, असे मंत्रिमहोदयांनी भर समारंभात सुचविले. सूचना गमतीची होती, परंतु तिच्यात रोगाचे अचूक निदान होते. नऊ-दहा वर्षांत आठ अध्यक्ष म्हणजे एकेकाच्या वाट्यास सव्वा वर्षाच्या आतबाहेरचा काळ. एवढ्या अवधीत माणूस खात्यातील टेबले ओळखू लागतो, आणि ओळख झाली की त्याच्या बदलीचा हुकूम निघतो. त्या आठांपैकी दोषी कोण? प्रत्येक जण थोडाथोडा, आणि म्हणून कोणीच नाही.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. बुटीबोरीत सहाशे मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. त्याचे दोन संच २०१३ आणि २०१४ साली सुरू झाले. इंधनाचा वाढीव खर्च वीजदरात किती धरावा यावरून कंपनी आणि राज्याचा वीज नियामक आयोग यांच्यात वाद झाला. अपिली न्यायाधिकरणाने २०१६ साली कंपनीच्या बाजूने निकाल दिला, आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ते अपील तेथे पडून राहिले. २०१९ च्या आरंभी प्रकल्प बंद पडला. मग धनको बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला. तो राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, त्यावरील अपिली न्यायाधिकरण आणि पुन्हा सर्वोच्च न्यायालय अशी वारी करून आला. २०२२ च्या जुलैतील त्या निकालाची आज देशभरच्या विधिमहाविद्यालयांत चर्चा होते. अर्ज दाखल करून घ्यावा की न घ्यावा याबाबत न्यायाधिकरणास तारतम्य आहे, असे न्यायालयाने म्हटले. अशा रीतीने बुटीबोरीचे नाव कायद्याच्या पुस्तकांत गेले. बुटीबोरीच्या धुराड्यातून मात्र धूर निघाला नाही. शेवटी २०२५ च्या जुलैत हा प्रकल्प चार हजार कोटी रुपयांस दुसऱ्या उद्योगसमूहाच्या मालकीचा झाला.

या प्रकरणात आयोग चुकला आणि कंपनी बरोबर होती, किंवा याच्या उलट, असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. दर वाढू नये म्हणून आयोगाने पाहिले, ते त्याचे कर्तव्य होते. कर्ज वसूल व्हावे म्हणून बँकेने पाहिले, तेही योग्यच. आमचा प्रश्न वेगळा आहे. कोळसा खाते, वीज खाते, अर्थखात्याच्या देखरेखीखालील बँका, कंपनी व्यवहार खात्याने उभारलेली न्यायाधिकरणे, ही सारी एकाच केंद्र सरकारची अंगे. त्यांपैकी प्रत्येकाने आपापल्या टेबलावरील कागद नियमाप्रमाणे हाताळला असे मानले, तरी सार्वजनिक बँकांचा पैसा गुंतलेला सहाशे मेगावॅटचा प्रकल्प सहा वर्षे गंजत उभा आहे ही गोष्ट आपल्या कामाचा भाग आहे, असे मानणारा एकही अधिकारी या साऱ्या यंत्रणेत नव्हता. वेस्टर्न कोलफील्ड्‌सचे मुख्यालय नागपुरात आहे. कोळसा आणि वीज यांच्यामध्ये अंतर तीस किलोमीटरांचे होते. फायलींच्या मार्गाने ते मोजता येत नाही. न्यायाधिकरणांतील सदस्यांच्या जागा रिकाम्या ठेवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली केंद्र सरकारास कठोर शब्दांत सुनावले होते. त्या जागा भरणे हेही कोण्या एका सचिवाचेच काम होते.

मध्यवर्ती सरकारच्या कारभारातील हा दोष आज उघडकीस आला आहे असे नाही. स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांनी गोपालस्वामी अय्यंगार यांनी, १९५१ साली मुंबईचे निवृत्त सनदी अधिकारी ए. डी. गोरवाला यांनी, आणि १९५३ साली अमेरिकेहून आलेल्या पॉल ॲपलबी यांनी या यंत्रणेची तपासणी करून अहवाल दिले. १९६६ साली पहिला प्रशासन सुधारणा आयोग मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. ते उपपंतप्रधान झाल्यावर हनुमंतय्या अध्यक्ष झाले, आणि आयोगाने वीस अहवाल सादर केले. २००५ साली वीरप्पा मोईली यांचा दुसरा आयोग आला, त्याचे पंधरा. अहवालांची अशी समृद्धी फार थोड्या देशांच्या नशिबी असेल. १९६९ सालीच पहिल्या आयोगाने सांगितले होते, की वरिष्ठ जागांसाठी आर्थिक, औद्योगिक, शेती, शिक्षण अशी क्षेत्रे आखावीत आणि अधिकाऱ्याने एका क्षेत्रात मुरावे. चाळीस वर्षांनी, २००८ साली, दुसऱ्या आयोगाने तेच नव्या शब्दांत सांगितले. मध्यंतरी एक संपूर्ण पिढी नोकरीस लागून निवृत्त झाली.

विषयात मुरणे म्हणजे काय हे पाहण्यासाठी आपणांस परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. चिंतामणराव देशमुख मध्यप्रांत-वऱ्हाडात सनदी अधिकारी म्हणून आले. नागपूरच्या सचिवालयात त्यांनी अर्थखाते सांभाळले, १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत गेले आणि चार वर्षांत तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पुढे १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री. त्यांची बुद्धिमत्ता असामान्य होती हे कबूल. परंतु एवढ्या बुद्धीच्या माणसास दीड वर्षे पशुसंवर्धन, एक वर्ष क्रीडा आणि आठ महिने वस्त्रोद्योग असे फिरविले असते, तर रिझर्व्ह बँकेस तो गव्हर्नर मिळाला असता काय? आज मात्र नेमके हेच चालते, आणि त्यास अनुभवाची व्यापकता असे नाव आहे.

नागपुरातच याचा आणखी एक पुरावा आहे. छिंदवाडा मार्गावर प्रत्यक्ष करांची राष्ट्रीय अकादमी आहे. भारतीय राजस्व सेवेतील प्राप्तिकराचे अधिकारी येथे शिकून तयार होतात आणि पुढे तीस-पस्तीस वर्षे कर हाच एक विषय हाताळतात. तरीसुद्धा दिल्लीत महसूल सचिवाच्या खुर्चीवर बसतो तो बहुधा प्रशासकीय सेवेतील अधिकारी; करविषयाशी त्याची गाठ त्या खुर्चीतच प्रथम पडलेली असण्याचा संभव पुष्कळ. प्रशासकीय सेवेची योग्यता आम्ही कमी लेखत नाही. जिल्हा चालविण्याचे जे शिक्षण तिला मिळते, ते दुसऱ्या कोणत्याही सेवेस मिळत नाही, आणि दुष्काळ, पूर, निवडणूक अशा प्रसंगी त्याचे मोल कळते. पण जिल्हा चालविता आला म्हणजे देशाचा वीजव्यवहारही आपोआप चालविता येतो, हे समीकरण कोणी सिद्ध केले?

यावर उपाय म्हणून बाहेरचे तज्ज्ञ थेट वरच्या जागांवर घेण्याचा प्रयोग २०१८ पासून सुरू झाला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये लोकसेवा आयोगाने ४५ जागांची जाहिरात दिली, आणि तीत आरक्षण नाही यावरून गदारोळ होताच तीन दिवसांत ती मागे घेण्यात आली. आक्षेप खोटा नव्हता. राज्याच्या सत्तेत ज्या समाजांना शतकानुशतके वाटा मिळाला नाही, त्यांस वगळून मागील दाराने जागा भरणे ही सुधारणा होऊ शकत नाही. परंतु जाहिरात मागे घेतली म्हणून तज्ज्ञतेचा प्रश्न मागे घेतला गेला असे होत नाही. आरक्षण ठेवूनही तज्ज्ञ निवडता येतात. त्यासाठी निवडीची रीत आधी ठरवावी लागते, जाहिरात नंतर. येथे क्रम उलटा झाला. शिवाय आणखी एक गोष्ट. बाहेरून आणलेल्या तज्ज्ञासही तीन वर्षांच्या करारावर त्याच टेबलांच्या रांगेत बसवावयाचे असेल, तर तोही काही दिवसांत ‘चर्चा करावी’ असा शेरा लिहावयास शिकेल.

हा शेरा आपल्या कारभाराचे खरे बोधचिन्ह होय. तो का लिहिला जातो? अधिकारी आळशी असतात म्हणून, असे आमच्या वाचकांपैकी अनेकांचे मत असेल. आम्हांस ते पटत नाही. दरवर्षी सुमारे दहा लाख तरुण ज्या परीक्षेस अर्ज करतात आणि ज्यांतून हजारभर निवडले जातात, ती मुले आळशी कशी असतील? नागपुरातल्या अभ्यासिकांत रात्री अकरापर्यंत बसणारी मुले आपण पाहतो. ती सेवेत गेल्यावर जे शिकतात ते असे: निर्णय घेतला आणि तो चुकला, तर दक्षता आयोग आहे, महालेखापाल आहेत, केंद्रीय अन्वेषण खाते आहे, निर्णय घेतला नाही, तर काहीही नाही. कोळसा खाणींच्या वाटपाच्या खटल्यात एका माजी कोळसा सचिवांस २०१७ साली शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सचोटीची ग्वाही देत सेवेतील अनेक अधिकारी पुढे आले होते. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य मानूनही असे म्हणता येते, की त्या दिवशी दिल्लीतील अनेक टेबलांवरील लेखण्या टोपण लावून ठेवल्या गेल्या. २०१८ साली भ्रष्टाचारविरोधी कायदा बदलून निर्णयांबाबतच्या चौकशीस पूर्वसंमतीची अट घातली गेली. त्याने अधिकाऱ्यास ढाल मिळाली, कामाची मुदत मात्र कोणी घातली नाही. ढाल द्यावयाची तर तिच्याबरोबर घड्याळही द्यावे, असे आमचे म्हणणे आहे.

काही प्रयत्न झाले, ते नमूद करणे न्यायाचे होईल. फाइल सहा-सात टप्प्यांतून जात असे, ती चारांहून अधिक टप्प्यांतून जाऊ नये असे केंद्राने २०२१ साली ठरविले, आणि सरासरी खरोखरच खाली आली. कागदाऐवजी संगणकावर फायली आल्या. पण संगणकावरील फाइलही ज्या माणसास सही करावयाची नाही त्याच्यापाशी थांबतेच, आणि तेथे ती कोणाच्या दृष्टीस पडत नाही. जुन्या गठ्ठ्यांवर निदान धूळ तरी दिसत असे.

बदल्यांचा विषय याहून जुना आणि याहून लाजिरवाणा आहे. टी. एस. आर. सुब्रमण्यन आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सांगितले, की अधिकाऱ्यास जागेवर किमान मुदत द्या आणि तोंडी हुकूम लेखी नोंदवा. २०१४ साली नियमही बदलले. किमान दोन वर्षे ठरली. महाराष्ट्राने तर २००५ सालीच बदल्यांचा कायदा करून तीन वर्षांची मुदत घातली होती, आणि त्याच कायद्यात दप्तरदिरंगाईस शिक्षाही ठेवली होती. त्या कायद्याच्या राज्यात नागपूर महानगरपालिकेचे आयुक्त श्री. तुकाराम मुंढे २०२० साली सात महिन्यांत बदलले गेले. त्यांच्या कार्यपद्धतीबद्दल नागपुरात दोन मते होती आणि आजही आहेत. परंतु सात महिन्यांत त्यांची पद्धत बरी होती की वाईट, हे ठरविण्याइतकीही सवड शहरास मिळाली नाही. कायद्यात अपवादाचे एक कलम असते, आणि आपल्याकडे अपवादातूनच सारा कारभार चालतो.

केंद्र आणि राज्ये यांच्यातील ओढाताणीचाही येथे विचार केला पाहिजे. प्रशासकीय सेवेच्या मंजूर जागा सुमारे ६,८०० आहेत आणि भरलेल्या सुमारे ५,५००. दिल्लीत उपसचिव, संचालक या मधल्या फळीत अधिकारी मिळत नाहीत. केंद्राच्या प्रतिनियुक्तीवरील अधिकाऱ्यांची संख्या २०११ साली ३०९ होती, ती दहा वर्षांत २२३ वर आली. म्हणून २०२२ च्या जानेवारीत केंद्राने राज्याच्या संमतीवाचूनही अधिकारी बोलावून घेण्याचा नियम सुचविला, आणि अनेक राज्यांनी त्यास तीव्र विरोध केला. राज्यांचा संशय अकारण नव्हता. मर्जीतून उतरलेला अधिकारी रातोरात दिल्लीस ओढून नेण्याचे ते शस्त्र झाले असते. पण राज्यांनीही चांगले अधिकारी अडवून ठेवावयाचे आणि मग दिल्लीत आपली फाइल हलत नाही म्हणून तक्रार करावयाची, हे विसंगत आहे. मेट्रोचा कागद चार वर्षे ज्या टेबलांवर फिरला, त्यांतील काही टेबले त्या काळात रिकामीच असतील, तर आश्चर्य नाही.

नागपूरकरांस हे सारे नवे नाही. १९५६ सालापर्यंत येथे राजधानी होती आणि सचिवालय चालत चालत गाठता येत असे. ‘सिव्हिल लाइन्स’ हे आमच्या एका वस्तीचे नावच त्या सेवेने दिलेले आहे. त्यानंतर एक फाइल मुंबईस आणि दुसरी दिल्लीस जाऊ लागली. डिसेंबरात अधिवेशनासाठी मुंबईचे सचिवालय गठ्ठे बांधून नागपुरास येते आणि पंधरवड्याने तेच गठ्ठे घेऊन परत जाते, हा सोहळा आम्ही वर्षानुवर्षे पाहात आलो आहोत. दिल्ली तर तेवढीही येत नाही.

म्हणून आमची मागणी मोठी नाही. नवा आयोग नको. दोन आयोगांचे पस्तीस अहवाल पुरेसे आहेत. केंद्राच्या संमतीस आलेल्या प्रत्येक मोठ्या प्रस्तावावर तो कोणत्या खात्यात कोणत्या तारखेस आला, कोणत्या तारखेस गेला आणि त्या अवधीत त्या जागेवर कोण होते, एवढे प्रस्ताव मंजूर किंवा नामंजूर होताच जाहीर करावे. मोठ्या कामाच्या प्रमुखाची बदली ते काम पुरे होईपर्यंत करू नये, आणि केल्यास तिचे कारण संसदेपुढे ठेवावे. बांधकाम स्वीकारताना ज्यांनी सह्या केल्या, त्यांची नावे त्या बांधकामाच्या हमीच्या काळापर्यंत त्याच्याशी जोडलेली राहावीत, मग ते कोठेही बदलून जावोत. श्री. गडकरी यांची छायाचित्रांची सूचना याहून फार वेगळी नव्हती; आम्ही ती फक्त नियमांत लिहून मागत आहोत.

आरंभ बुटीबोरीपासून करता येईल. उड्डाणपूल स्वीकारताना कोणी, कोणत्या तारखेस आणि कोणत्या चाचण्या पाहून सही केली, आणि ते अधिकारी तडा गेला त्या दिवशी कोठे नेमलेले होते, असा प्रश्न विदर्भातील कोणाही खासदारास लोकसभेत विचारता येतो. त्यास पंधरा दिवसांची सूचना लागते, आणि उत्तर खात्यास लेखी द्यावे लागते.